बुश नसते तर युरोप रस्त्यावर उतरला असता का?

आपला प्रश्न असा आहे: २००३ मध्ये इराक युद्धाच्या तोंडावर युरोपात जी विराट निदर्शने झाली, ती युद्धाला असलेल्या विरोधातून झाली की जॉर्ज डब्ल्यू. बुश हा माणूसच युरोपीय जनतेच्या मनातून उतरला होता म्हणून झाली? आणि परदेशातला एखादा नावडता नेता दुसऱ्या देशांतल्या निवडणुका खरोखर फिरवू शकतो का?

युरोपीय राजकारण शिकवताना हा प्रश्न माझ्यासमोर अनेक वर्षे वेगवेगळ्या रूपांत येत राहिला आहे. त्याची दोन घाईची उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे युरोपीय जनता दोन महायुद्धांत पोळलेली असल्यामुळे ती कोणत्याही युद्धाच्या विरोधातच असते. दुसरे म्हणजे हा सगळा अमेरिकाद्वेष आहे, त्याला फक्त निमित्त हवे असते. दोन्ही उत्तरे पुराव्यापुढे टिकत नाहीत. माझे मत असे की नावडता परदेशी नेता युद्धविरोध निर्माण करत नाही. समाजात आधीपासून असलेल्या विरोधाला तो एक चेहरा देतो आणि एरवी मोर्चाच्या वाटेला न जाणाऱ्या माणसाला घराबाहेर काढतो. त्या गर्दीतून सत्तांतर किंवा सैन्यमाघार घडते की नाही, हे मात्र त्या नेत्यावर अवलंबून नसते. त्या देशातला एखादा सत्तेच्या जवळचा पक्ष आपले भवितव्य त्या भावनेशी जोडतो की नाही, यावर ते ठरते.

बुश नसते तर काय झाले असते, याचा अंदाज बांधण्यासाठी चार वर्षे मागे जावे लागते. मार्च १९९९ मध्ये नाटोने कोसोव्होच्या प्रश्नावरून युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू केली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची परवानगी तेव्हाही नव्हती, आणि नेतृत्व तेव्हाही अमेरिकेचेच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच जर्मन विमाने लढाईत उतरली, आणि तीही सोशल डेमोक्रॅट व ग्रीन या दोन पक्षांच्या सरकारच्या आदेशावरून. तरीही बर्लिन, लंडन, पॅरिस येथे लाखोंचे मोर्चे निघाले नाहीत. ग्रीन पक्षाच्या बीलेफेल्ड येथील अधिवेशनात परराष्ट्रमंत्री योश्का फिशर यांच्यावर लाल रंग भरलेली पिशवी फेकली गेली, पक्ष हादरला, पण अखेर प्रतिनिधींनी त्यांचीच बाजू उचलून धरली. बिल क्लिंटन पश्चिम युरोपला आपल्यातले वाटत होते, आणि लोकांच्या मनातला खलनायक होता युगोस्लाव्हियाचा अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच. ग्रीसमध्ये मात्र चित्र उलटे होते. तिथे बहुसंख्य लोक या बॉम्बफेकीच्या विरोधात होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लिंटन अथेन्सला गेले तेव्हा शहरात दंगल उसळली. म्हणजे एकाच नेत्याकडे आणि एकाच युद्धाकडे दोन देश दोन नजरांनी पाहत होते. ऑर्थोडॉक्स सर्बियाविषयीचा जिव्हाळा आणि १९६७ ते १९७४ या काळातील लष्करी राजवटीला अमेरिकेने दिलेल्या पाठिंब्याची आठवण ग्रीसकडे होती, जर्मनीकडे नव्हती. नेत्याचा नावडतेपणा देशागणिक बदलतो, कारण तो ज्या जुन्या जखमेवर बोट ठेवतो ती जखम प्रत्येक देशाची वेगळी असते.

बुश यांच्याविषयीची नाराजी इराकपासून सुरू झाली, हाही एक गैरसमज आहे. मार्च २००१ मध्ये त्यांच्या प्रशासनाने हवामानबदलावरील क्योटो करारातून अंग काढून घेतले आणि जूनमध्ये ते स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे गेले तेव्हा तिथे तीव्र निदर्शने झाली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर ही नाराजी काही काळ पूर्ण विरघळली. नाटोने आपल्या इतिहासात प्रथमच सामूहिक संरक्षणाचे पाचवे कलम लागू केले, १४ सप्टेंबरला बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापाशी सुमारे २ लाख लोक अमेरिकेविषयी सहानुभूती व्यक्त करण्यासाठी जमले. सहानुभूतीचा एवढा मोठा साठा दीड वर्षात कसा संपला, हे समजून घेणे गरजेचे आहे. जानेवारी २००२ मधील, इराक, इराण व उत्तर कोरियाला ‘दुष्टांचा अक्ष’ म्हणणारे भाषण, मे महिन्यात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या करारावरील सही मागे घेणे, आणि ऑगस्टमध्ये उपाध्यक्ष डिक चेनी यांनी शस्त्रनिरीक्षकांच्या उपयोगावरच घेतलेली शंका, या सगळ्यांतून युरोपीय मतदाराला एकच गोष्ट दिसत होती: हा माणूस आपले ऐकून घेणार नाही. नापसंती धोरणाची होती तशीच ती वागण्याच्या तऱ्हेचीही होती, आणि सामान्य माणसाच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या राहत नाहीत.

या संदर्भात एक मतचाचणी फार उद्बोधक आहे. अमेरिकेतील प्यू या संशोधन संस्थेने २००३ च्या उन्हाळ्यात, बगदाद पडल्यानंतर, अमेरिकेविषयी प्रतिकूल मत असलेल्या युरोपीय लोकांना थेट विचारले की तुमची तक्रार मुख्यतः बुश यांच्याविषयी आहे की एकूण अमेरिकेविषयी. फ्रान्स आणि जर्मनी या दोन्ही देशांत अशा लोकांपैकी ७४ टक्क्यांनी बुश यांचे नाव घेतले, एकूण अमेरिकेचे नाव घेणारे जेमतेम पंचमांश होते. तेच पाकिस्तान किंवा तुर्कस्तानात एकूण अमेरिकेचे नाव घेणाऱ्यांचे प्रमाण याहून अधिक होते. पश्चिम युरोपातील भावनेला सरसकट अमेरिकाद्वेष म्हणणाऱ्यांनी ही आकडेवारी नजरेआड केली. मात्र या आकड्यातच पुढच्या काळातील कमकुवतपणाही दडलेला होता. तक्रार व्यक्तीविषयी असेल तर व्यक्ती गेल्यावर तिचे काय होणार, हा प्रश्न त्या वेळी मोर्चांच्या आयोजकांपैकी फार थोड्यांनी विचारला.

आता राजकारणाकडे वळू, आणि इथे जर्मनी जरा जवळून पाहणे योग्य ठरेल. २००२ च्या उन्हाळ्यात चॅन्सेलर गेऱ्हार्ड श्रोडर हरण्याच्या वाटेवर होते. बेरोजगारांची संख्या ३५ लाखांच्या खाली आणण्याचा त्यांचा शब्द होता आणि ती ४० लाखांच्या वर गेली होती. प्रतिस्पर्धी एडमंड श्टॉयबर चाचण्यांत पुढे होते. ५ ऑगस्ट रोजी हानोफर येथे प्रचाराचा नारळ फोडताना श्रोडर यांनी इराकमधील लष्करी साहसात जर्मनी सामील होणार नाही असे जाहीर केले आणि ‘जर्मन मार्ग’ हा शब्दप्रयोग केला. हेच श्रोडर नऊ महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २००१ मध्ये, अफगाणिस्तानात सैन्य पाठवण्यासाठी संसदेत विश्वासमत मागून आपल्या आघाडीतील युद्धविरोधकांना वठणीवर आणून बसले होते. त्यांना शांततावादी ठरवणे कठीण आहे. त्यांना एवढेच दिसले की आपल्या पारंपरिक मतदाराला घराबाहेर काढू शकेल असा हा एकच विषय उरला आहे, आणि बुश समोर असल्यामुळे तो विषय मांडताना मध्यममार्गी मतदार दुरावणार नाही.

त्यानंतर ऑगस्टच्या मध्याला एल्बे नदीला महापूर आला, ड्रेस्डेन पाण्याखाली गेले, आणि रबरी बूट घालून चिखलात फिरणारा चॅन्सेलर लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. त्यामुळे निकालाचे श्रेय पूर्णपणे इराकला देता येत नाही. २२ सप्टेंबरला दोन्ही मोठ्या पक्षांना प्रत्येकी ३८.५ टक्के मते मिळाली आणि सोशल डेमोक्रॅट सुमारे ६ हजार मतांनी पुढे राहिले. पण या निकालाचा कमी चर्चिला गेलेला भाग मला अधिक बोलका वाटतो. पूर्व जर्मनीतील जुन्या साम्यवाद्यांचा वारस असलेला पीडीएस हा पक्ष वर्षानुवर्षे युद्धविरोधाचा हक्काचा दावेदार होता. तो ४ टक्क्यांवर घसरला आणि संसदेतील प्रवेशासाठीची ५ टक्क्यांची अट पूर्ण न झाल्याने थेट निवडून आलेल्या दोन जागांवर आला. पूर्वेतील युद्धविरोधी मतदाराला प्रथमच सत्ताधारी पक्षच आपल्या मनातले बोलताना दिसला, मग त्याने छोट्या पक्षावर मत वाया घालवले नाही. नव्याने कोणी युद्धविरोधी झाले म्हणून हा निकाल लागला नाही, जुन्या युद्धविरोधी मतांनी आपला पत्ता बदलला म्हणून लागला.

आणि मग श्रोडर यांच्या सरकारने केले काय? जर्मनीने इराकमध्ये सैन्य पाठवले नाही, हे खरे. पण अमेरिकी विमानांना जर्मन हवाई हद्द खुली राहिली, जर्मनीतील अमेरिकी तळ पूर्ण क्षमतेने चालू राहिले, इतकेच काय, हजारो जर्मन सैनिक त्या तळांच्या पहाऱ्यावर नेमले गेले, जेणेकरून अमेरिकी सैनिक मोकळे व्हावेत. ज्या मतदाराने बुश यांना नकार देण्यासाठी मत दिले त्याला हा तपशील फारसा माहीत नव्हता. व्यक्तीवर केंद्रित झालेला विरोध व्यक्तीला ठणकावून सांगितले की समाधान पावतो. तळ, करार आणि हवाई हद्द या गोष्टी तो तपासत बसत नाही. युद्धविरोधाविषयी आस्था असलेल्या माणसाला ही गोष्ट टोचल्याशिवाय राहू नये.

१५ फेब्रुवारी २००३ च्या मोर्चांची हाक नोव्हेंबर २००२ मध्ये फ्लोरेन्स येथे भरलेल्या युरोपीय सामाजिक मंचात, म्हणजे चळवळींच्या संमेलनात, दिली गेली होती. लंडनमध्ये पोलिसांच्याच अंदाजाने साडेसात लाख लोक उतरले, आयोजकांचा आकडा त्याच्या दुपटीहून अधिक होता. रोम, माद्रिद, बार्सिलोना येथील गर्दी त्याच तोलाची होती आणि बर्लिनमध्ये ५ लाख लोक होते. या जाळ्याचे एक टोक आपल्याकडेही आले. जानेवारी २००४ मध्ये गोरेगावच्या नेस्को मैदानावर जागतिक सामाजिक मंच भरला, जगभरच्या युद्धविरोधी संघटनांची सभा तिथे झाली आणि इराकवरील हल्ल्याच्या पहिल्या स्मृतिदिनी, २० मार्च रोजी, जगभर निदर्शने करण्याची हाक तिथून पुन्हा दिली गेली.

स्पेनची कथा अनेकदा उलटी सांगितली जाते. फेब्रुवारी २००३ मध्ये तिथल्या सरकारी समाजशास्त्रीय केंद्राच्या चाचणीत दहातले नऊ लोक युद्धाच्या विरोधात होते. तरीही पंतप्रधान होसे मारिया अझ्नार १६ मार्चला अझोरेस बेटांवर बुश आणि ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या शेजारी उभे राहिले. ते छायाचित्र त्यांना कायमचे चिकटले. एवढ्या प्रचंड विरोधानंतर सत्ताधारी पॉप्युलर पार्टीचे पानिपत व्हायला हवे होते. पण दोनच महिन्यांनी, मे २००३ मध्ये, झालेल्या महापालिका निवडणुकांत देशपातळीवर समाजवादी पक्ष अवघ्या अर्ध्या टक्क्याने पुढे राहिला आणि पॉप्युलर पार्टीने माद्रिद शहर राखले. अर्थव्यवस्था चांगली चालली होती, आणि लोक युद्धाच्या विरोधात असले तरी पालिकेचे मत युद्धावर देत नव्हते. मार्च २००४ च्या राष्ट्रीय निवडणुकीपूर्वीच्या चाचण्यांतही पॉप्युलर पार्टीच पुढे होती.

११ मार्च रोजी माद्रिदच्या उपनगरी गाड्यांत बॉम्ब फुटले आणि १९० हून अधिक माणसे मेली. सरकारने बास्क संघटना एटा हिच्यावर ठपका ठेवला आणि पुरावा इस्लामी अतिरेक्यांकडे बोट दाखवू लागल्यानंतरही तो धरून ठेवला. तीन दिवसांनी मतदान झाले. समाजवाद्यांना १६४ जागा मिळाल्या, पॉप्युलर पार्टीला १४८. ‘दहशतवादाने निवडणूक जिंकली’ असे त्यावर अमेरिकेत म्हटले गेले. तो स्पॅनिश मतदारावर अन्याय होता. वर्षभर दबून राहिलेला युद्धाविषयीचा राग आणि सरकार आपल्याशी खोटे बोलत आहे हा त्या तीन दिवसांतला अनुभव एकत्र आले, तेव्हा पारडे फिरले. लोकांना वाटले की युद्धाच्या वेळी आमचे ऐकले नाही आणि आता आमच्या मृतांविषयीही खरे सांगत नाही. बुश या सगळ्यात दूरवर, पार्श्वभूमीला होते. शिवाय त्या रागाला जायला एक तयार जागा होती. समाजवादी नेते होसे लुइस रॉद्रिगेझ झापातेरो यांनी सैन्य परत आणण्याचे वचन बॉम्बस्फोटांच्या कितीतरी आधी दिले होते. ऑक्टोबर २००३ मध्ये माद्रिदच्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात अमेरिकेचा ध्वज समोरून गेला तेव्हा ते जागचे उठलेही नव्हते. एका विरोधी पक्षनेत्याने भर संचलनात खुर्चीत बसून राहणे ही छोटी कृती होती, पण तिने मतदाराला कळवून टाकले की हा माणूस शब्द फिरवणार नाही. सत्तेवर येताच एप्रिलमध्ये त्यांनी सुमारे १,३०० सैनिकांच्या माघारीची घोषणा केली.

ब्रिटनमध्ये गर्दी स्पेनइतकीच होती, नेत्याविषयीची चीड कदाचित अधिक होती, पण जागा नव्हती. विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष युद्धाच्या बाजूने होता. १८ मार्च २००३ ला १३९ मजूर खासदारांनी युद्धविरोधी दुरुस्तीवर आपल्याच सरकारविरुद्ध मत दिले आणि तरीही मूळ ठराव ४१२ विरुद्ध १४९ असा मंजूर झाला, कारण समोरची बाके ब्लेअर यांच्या मदतीला होती. नोव्हेंबर २००३ मध्ये बुश राजकीय पाहुणे म्हणून लंडनला आले तेव्हा ट्रॅफल्गर चौकात त्यांचा कागदी लगद्याचा पुतळा दोरांनी ओढून पाडला गेला. बगदादमध्ये सद्दामचा पुतळा पाडला गेला होता, त्याला ते उत्तर होते. कामाच्या दिवशी लंडनमध्ये एवढी माणसे जमण्याचे उदाहरण विरळा. पण मे २००५ मध्ये मजूर पक्ष ३५.२ टक्के मतांवर घसरूनही तिसऱ्यांदा सत्तेवर आला. बुश यांच्यावर रागावलेल्या मतदाराने लिबरल डेमोक्रॅट्सना ६२ जागांपर्यंत नेले, त्यापुढे तो जाऊ शकला नाही.

मध्य व पूर्व युरोपात तर जनमत युद्धाविरुद्ध असूनही सरकारे बुश यांच्या मागे उभी राहिली आणि रस्ते शांत राहिले. तिथे भीती रशियाची होती, आणि अमेरिकेचा अध्यक्ष कितीही नावडता असला तरी तो त्या भीतीवरचा उतारा होता.

हे सगळे २००३ पुरतेच होते का, हे पाहायचे तर रोनाल्ड रेगन यांचा काळ तपासावा लागतो, आणि तो माझ्या मते अधिक शिकवणारा आहे. पश्चिम युरोपात ५७२ नवी अमेरिकी अण्वस्त्रे, म्हणजे १०८ पर्शिंग-२ आणि ४६४ क्रूझ क्षेपणास्त्रे, तैनात करण्याचा निर्णय नाटोने १२ डिसेंबर १९७९ रोजी घेतला. तेव्हा अध्यक्ष जिमी कार्टर होते, आणि सोव्हिएत एसएस-२० क्षेपणास्त्रांकडे लक्ष वेधून या विषयाला तोंड फोडणारे जर्मन चॅन्सेलर हेल्मुट श्मिट होते. निषेध तेव्हाही झाला, पण त्याचे जनआंदोलन १९८१ मध्ये, रेगन आल्यावर झाले. क्षेपणास्त्रे तीच होती, आकडेही तेच होते. ऑक्टोबर १९८१ मध्ये बॉनच्या हॉफगार्टन मैदानावर सुमारे ३ लाख लोक जमले. त्यानंतर काहीच दिवसांत रेगन यांनी संपादकांशी बोलताना असे सुचवले की युरोपच्या रणभूमीवर अण्वस्त्रे वापरली गेली तरी ते युद्ध दोन महासत्तांपर्यंत पोहोचेलच असे नाही. आपल्या घराची रणभूमी होणार आणि वॉशिंग्टन सुरक्षित राहणार, ही युरोपीय माणसाची जी भीती होती ती अमेरिकेच्या अध्यक्षाच्याच तोंडून वदली गेली. जून १९८२ मध्ये ते बॉनला आले तेव्हा ऱ्हाईनच्या काठी सुमारे ४ लाखांची सभा झाली. २२ ऑक्टोबर १९८३ ला श्टुटगार्ट ते नॉय-उल्म अशी १०८ किलोमीटरची मानवी साखळी उभी राहिली.

आणि मतपेटीत काय झाले? मार्च १९८३ मध्ये क्षेपणास्त्रांचे उघड समर्थन करणारे हेल्मुट कोल ४८.८ टक्के मते घेऊन जिंकले. ग्रीन पक्ष ५.६ टक्क्यांनी प्रथमच संसदेत शिरला, पण सत्तेपासून दूर होता. जूनमध्ये एकतर्फी अण्वस्त्रत्यागाचा जाहीरनामा घेऊन उतरलेल्या ब्रिटिश मजूर पक्षाची २७.६ टक्क्यांवर दाणादाण उडाली. नोव्हेंबरमध्ये जर्मन संसदेने २८६ विरुद्ध २२६ मतांनी तैनातीला संमती दिली. अपवाद नेदरलँड्सचा. तिथल्या चर्चच्या शांतता परिषदेने गावोगावच्या मंडळींत काम उभे केले होते आणि त्याची धग सत्ताधारी ख्रिस्ती लोकशाही पक्षाच्या पोटात पोहोचली होती. सरकार निर्णय पुढे ढकलत राहिले, १९८५ च्या अखेरीस होकार दिला गेला, आणि मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याच्या १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत वॉशिंग्टन करारामुळे क्रूझ क्षेपणास्त्रे तिथल्या भूमीवर आलीच नाहीत. रेगन जर्मनांना जितके नावडते होते तितकेच डच लोकांनाही होते. फरक पडला तो सत्ताधाऱ्यांच्या स्वतःच्या मतदारांत विरोध मुरला होता की नाही, याने.

आता व्यक्ती गेल्यावर काय होते ते पाहू. बुश गेले आणि ओबामा आले तेव्हा जर्मनीत अमेरिकी अध्यक्षावरचा विश्वास प्यूच्या चाचण्यांत १४ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेला. त्याच ओबामांनी डिसेंबर २००९ मध्ये अफगाणिस्तानात आणखी ३० हजार सैनिक पाठवायचे ठरवले. बहुसंख्य जर्मन आणि फ्रेंच लोकांना ते मान्य नव्हते, तरी १५ फेब्रुवारीची आठवण यावी असे काही रस्त्यावर घडले नाही. मत तसेच होते, चेहरा गेला होता. मात्र मी याला चळवळीचा शेवट म्हणणार नाही, कारण तिचा गाळ संसदांत साचला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये अफगाणिस्तानच्या उरुझगान प्रांतातील सैन्याची मुदत वाढवण्यावरून डच सरकार पडले. ऑगस्ट २०१३ मध्ये ब्रिटिश संसदेने सीरियावरील कारवाईचा ठराव २८५ विरुद्ध २७२ असा फेटाळला. त्या चर्चेत वक्त्यामागून वक्ता इराकचे नाव घेत होता. युरोपला ओबामा आवडत होते, पण त्याच्या उपयोगाने पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांना ते मतदान जिंकता आले नाही.

आपल्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. नावडता नेता अमेरिकेचा नसून समोरच्या बाजूचा असेल तर तोच परिणाम उलटा होतो. २७ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनवरील आक्रमणानंतर तीन दिवसांनी, बर्लिनमध्ये लाखाहून अधिक लोक शांततेसाठी जमले. त्याच दिवशी, तिथून हाकेच्या अंतरावर, चॅन्सेलर ओलाफ शोल्झ यांनी संसदेत १०० अब्ज युरोंचा लष्करी निधी जाहीर केला, आणि बाहेरच्या गर्दीतील फार थोड्यांना त्यात विसंगती वाटली. पुतिन यांच्याविषयीच्या संतापाने युद्धविरोध हा शस्त्रपुरवठ्याचा समर्थक झाला. हॉफगार्टनच्या मैदानात वाढलेला ग्रीन पक्ष युक्रेनला रणगाडे देण्याची मागणी करण्यात आघाडीवर होता. उलट, वाटाघाटींची मागणी करत डाव्या नेत्या सारा वागेनक्नेख्त आणि स्त्रीवादी लेखिका आलिस श्वार्झर यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापाशी सभा घेतली, तेव्हा पोलिसांच्या अंदाजाने १३ हजार लोक आले. ‘तुम्ही पुतिन यांचे काम करत आहात’ हा आरोप त्यांना शेवटपर्यंत झटकता आला नाही. १९८० च्या दशकातील चळवळीवरही मॉस्कोची हस्तक म्हणून हाच आरोप होत असे, पण तेव्हा सोव्हिएत रणगाडे एखाद्या युरोपीय राजधानीवर त्या क्षणी चाल करून जात नव्हते.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत तर या गणिताने नवेच वळण घेतले आहे. पश्चिम युरोपात ते बुश यांच्याइतकेच नावडते आहेत, पण लोकांची भीती आता अमेरिका आपल्याला युद्धात ओढेल ही राहिली नसून ती आपल्याला वाऱ्यावर सोडेल ही आहे. २८ फेब्रुवारी २०२५ ला व्हाइट हाऊसमध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांचा जाहीर पाणउतारा झाला, आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत जर्मन संसदेने संरक्षणखर्चाला कर्जमर्यादेतून मोकळे करणारी घटनादुरुस्ती ५१३ मतांनी संमत केली. नावडत्या अमेरिकी अध्यक्षाने २००३ मध्ये युरोपीय सरकारांना शस्त्रांपासून दूर राहण्याचे बळ दिले होते, २०२५ मध्ये त्यानेच त्यांना शस्त्रखरेदीचे बळ दिले. जूनमध्ये नाटोच्या हेग शिखर परिषदेत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्के संरक्षणखर्चाचे उद्दिष्ट ठरले तेव्हा उघड नकार देणारे स्पेनचे पेद्रो सांचेझ होते. त्यांचे सरकार डाव्या पक्षांच्या टेकूवर उभे आहे आणि स्पेनपासून रशिया दूर आहे. पोलंड त्याच वेळी ४ टक्क्यांहून अधिक खर्च करत होता.

यापुढे मी लक्ष ठेवून आहे ते इटलीवर. युरोपीय आयोगाच्या शस्त्रसज्जता योजनेवर मार्च २०२५ मध्ये युरोपीय संसदेत मतदान झाले तेव्हा मुख्य विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या खासदारांत उभी फूट पडली. १५ मार्चला रोममध्ये युरोपच्या समर्थनार्थ मोठी सभा झाली, आणि तीन आठवड्यांनी त्याच शहरात पंचतारा चळवळ या दुसऱ्या विरोधी पक्षाने शस्त्रसज्जतेविरुद्ध मोर्चा काढला. ट्रम्प दोन्हीकडच्या लोकांना नकोसे होते. तिथला युद्धविरोधी मतदार संख्येने मोठा आहे, पण २०२७ पर्यंत होणाऱ्या निवडणुकीत त्याला सत्तेच्या जवळचा कोणता पक्ष आपला म्हणेल, हे या दोन विरोधी पक्षांमधील तडजोडीवर ठरेल, आणि त्या तडजोडीत ट्रम्प यांच्या नावाला फारशी किंमत नसेल.